झाडणीनंतरचे बाळगोंडा

"बाई, ह्यांना होते तसे परत करून द्या!"

गळपट्टीच्या कंपनीत इंजिनीअर असलेल्या इरावती केळुसकरनं तक्रारी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण ही तऱ्हाच निराळी. पद्मावती मगदूम नवऱ्याला, बाळगोंडांना, घेऊन इचलकरंजीहून थेट पुण्याच्या कचेरीत थडकल्या होत्या.

ऑपरेशनात आवाज गेलेल्यांच्या गळ्यात आता सर्रास गळपट्टी दिसते. बोलायचं मनात आलं की मेंदू घशाच्या नसांना हुकूम सोडतो. पट्टी तो वाचते आणि त्या माणसाच्याच आवाजात बोलते. ज्याच्या त्याच्या नसांची लकब वेगळी, म्हणून ती हळूहळू शिकत जाते, आणि शिकता शिकता तिच्यात केरही साठतो. ठसके, अर्धवट शब्द, चुकलेले अंदाज. मग पट्टी अडखळायला लागते. त्यावर कंपनीनं 'झाडणी' काढली. पुण्यात बटण दाबलं की गावोगावच्या हजारो पट्ट्या एकदम साफ! केर कशाला म्हणायचं ते इरावतीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. घरोघर विचारत बसायला सवड कुणाला? शिव्या, गावाकडचे हेल, तीच ती पालुपदं, सगळं तिनं केरात धरलं होतं; त्याजागी पट्टी शुद्ध, सभ्य बोलणं घालायची.

"आता अडखळत नाहीत ना?"

"छ्या! पाण्यावाणी बोलत्यात. पण जन्मभर 'ए भवाने, च्या आण' म्हणणारा माणूस झाडणी झाली तसा म्हणतोय, 'पद्मावती, आपण चहा घेतलात का?' माझ्या हातातनं कपच पडला! भांडाय गेलं तर 'आपलं बरोबर आहे.' अवो, मग मी भांडू कुणासंगं?"

इरावतीला हसू आलं. पण बाईंचे डोळे भरलेले दिसले आणि ती वरमली.

"सोपं आहे, काकू. माझ्या सगळ्या अटी काढून टाकते. पट्टी आता काही म्हणजे काही गाळणार नाही."

तिनं तसं केलं. पद्मावतीबाई नवऱ्यासमोर कंबर कसून उभ्या राहिल्या.

"बोला आता. तोंडाला येईल ते बोला. तुमची आई लई कजाग होती, कळलं?"

बाळगोंडा मंद हसले. "असेल. आपल्याला त्रास झाला, क्षमस्व."

इरावतीनं पडद्यावर बघितलं. नसांतून आलेला हुकूम तिथं जसाच्या तसा उमटत होता. तिचा चेहरा उतरला.

"काकू, माणूस स्वतःचा आवाज ऐकत असतो. त्यावरूनच मेंदू पुढचं बोलणं बेततो. झाडणीपासून चार महिने काकांच्या कानावर स्वतःचं हेच बोलणं पडलं. त्याची सवय झाली त्यांना."

"म्हंजे?"

"पट्टी काहीच बदलत नाहीये. आतूनच असं येतंय."

पद्मावतीबाई खुर्ची ओढून नवऱ्याच्या अगदी जवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अवो, तुम्ही हायसा न्हवं आत?"

"आहे ना," बाळगोंडा अदबीनं म्हणाले. "आपल्याला कोण हवं होतं?"