सात साते एकोणपन्नास

परळच्या चर्चमागच्या हॉलमध्ये सहा पंखे आहेत आणि त्यातले दोन चालतात. एकाखाली लॅपटॉप ठेवलेला. दुसऱ्याखाली, दाराजवळ, पाय लांब करून सिडनी बसायचा. मिशनची नवी टीम तो बांधत होता. जूनमध्ये आफ्रिकेत, मलावीला जायचं, तळ्याकाठच्या खेड्यातल्या शाळेत शिकवायला. पाच जण ठरले होते. सहावी जागा मला मिळणार की नाही, हे तीन तासिकांवर ठरणार होतं. त्याच शाळेतल्या मुलांना इथून, लॅपटॉपवरून, रोज दुपारी पावणेतीनला.

एक्कावन्नाव्या वर्षी मला ती जागा हवीच होती. आजवर तीन शाळांनी 'वर्गावर पकड नाही' म्हणून मला नारळ दिला होता, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी अडकते. साताच्या पाढ्यात, सात सातेला.

त्याचं कारण अगदी साधं आहे. लालबागला आमच्या चाळीत कौसल्याबाई गॅलरीत पोरांना ओळीने बसवून पाढे घ्यायच्या. रस्त्यापलीकडे मिल. तिचा भोंगा तीनला. बाई दोनाचा पाढा अशा बेताने सुरू करायच्या की एकोणपन्नासला भोंगा गाठलाच पाहिजे. मग चिडीचूप. थोड्या वेळात पहिल्या पाळीची माणसं गॅलरीतून घरी जायची, आणि जिन्याच्या बाजूने आम्ही एकेक जण पाय पोटाशी घ्यायचो. माझे पप्पा सगळ्यांत शेवटी. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढे जायचे. हाताचा कापूस केसांना लागायचा. बाई तो चिमटीने काढायच्या आणि मगच 'सात आठे' म्हणायच्या.

मिल गेली, तिथे टॉवर आला. बाई गेल्या, पप्पा गेले. माझी जीभ मात्र अजून भोंग्याची वाट बघते.

पहिल्या दिवशी तेच झालं. 'सेव्हन सेव्हन्स आर फॉर्टी नाइन' म्हटलं आणि मी गप्प. स्क्रीनवर जमिनीवर बसलेली एकतीस मुलं. आधी खुसखुस, मग सरळ मारामारी.

"सेलिना, तू हँग होतेस ना, तिथेच पोरं सुटतात," सिडनी म्हणाला. "उद्या थांबलीस तर मग सॉरी. मला दुसरं कोणी बघावं लागेल."

रात्रभर घोकलं. सकाळी दूध तापवताना घोकलं, जिना उतरताना घोकलं. दुसऱ्या दिवशी फॉर्टी नाइन म्हटलं आणि दात आवळून पुढे गेले, "सेव्हन एट्स आर..."

माझ्या मागून कोणी आलंच नाही.

एकतीस तोंडं बंद होती. मला वाटलं नेट गेलं. पण त्यांच्या दारात एक कोंबडी दाणे टिपत होती, आणि ती व्यवस्थित हलत होती. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. वीसेक सेकंदांनी सगळी एकदम ओरडली, "फिफ्टी सिक्स!"

तासिका संपल्यावर पुढे बसणाऱ्या थोकोला मी विचारलं. दहा वर्षांची, चुणचुणीत मुलगी.

"थोको, तुम्ही का थांबलात? कोणी सांगितलं?"

ती गोंधळली. "मॅडम, एवढा आवाज होता. बोलणार कसं?"

तिथल्या हेडमास्तरांना मी मेसेज केला. आसपास कारखाना, गिरणी, भोंग्याची बोट, काहीही नाही, असं त्यांचं उत्तर आलं. सिडनीला मी काही सांगितलं नाही. वेडी ठरून जागा घालवायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, घाबरायचं नाही. दोनापासून सुरुवात केली, बाईंच्याच चालीत. मुलांनी आवाज लावला. तीन, चार, पाच, सहा. पंख्याची घरघर ऐकू येईना. इतका भरलेला वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

"सेव्हन सेव्हन्स आर फॉर्टी नाइन!"

मी थांबले, मुलंही थांबली. या खेपेला मला लाज वाटली नाही.

मग दाराजवळच्या मुलाने पाय पोटाशी घेतले.

त्याच्या शेजारच्याने घेतले. मग पुढच्याने.

एकेक करत ओळ आवरत कॅमेऱ्याकडे आली. शेवटी थोको. तिने पाय घेतले आणि मान वर करून माझ्या डोक्याच्याही वर पाहिलं.

हॉलमध्ये दाराजवळ सिडनी बसला होता. मोबाइलवरची नजर न काढता त्याने लांब केलेले पाय आत घेतले.

"सेव्हन एट्स!" मी ओरडले.

"फिफ्टी सिक्स!"

दहाच्या पाढ्यापर्यंत आम्ही कुठेही चुकलो नाही. शेवटी मुलं उभी राहून नाचायला लागली. हेडमास्तर कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाले, या बाई येईपर्यंत पाचाच्या पुढे हा वर्ग कधी गेलाच नव्हता, त्यांना लवकर पाठवा. मी हसत होते, रडतही होते. ज्या थांबण्यापायी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्यानेच मला वर्ग मिळवून दिला होता.

सिडनी टाळ्या वाजवत उठला. "काय बात आहे, सेलिना! सहावं तिकीट तुझं. पासपोर्टची कॉपी आजच दे."

हात मिळवायला तो जवळ आला आणि थबकला.

"एक मिनिट, हलू नकोस," तो म्हणाला, आणि चिमटीने माझ्या केसांतून कापूस काढला.