नीरगडाची चोरवाट

सुप्रीतानं वही टेबलावर आपटली आणि रणोजीरावांच्या बशीतली कॉफी सांडली.

"बाई, माझ्या गडावर फितुरी झालीय."

वनजाबाई घाटगे म्हैसुरात खाजगी चौकशा करायच्या, बहुतेक लग्नाआधीच्या. मुलाला पगार खरंच सांगतात तेवढा आहे का, असल्या. चुलतभाऊ रणोजीराव, पोलिसातले निवृत्त हवालदार, सोबतीला. फितुरी हा शब्द ऐकून ते ताठ बसले. घराणं शिपाईगिरीचं.

"कुठला गड?"

"नीरगड."

"हा कुठल्या तालुक्यात आला?"

"माझ्या डोक्यात, अंकल."

रणोजीराव पुन्हा सैल झाले.

पुढची दहा मिनिटं त्यांनी समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सुप्रीता शिंप्याची लेक. दर रविवारी चारला तिच्या वडिलांच्या दुकानात तीन दोस्त जमायचे. ती गोष्ट सांगायची, ते त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुठं जायचं, कुणाशी लढायचं ते बोलून ठरवायचे; जमलं की फसलं ते फासे सांगायचे. अशी एकच गोष्ट तीन वर्षं चाललेली.

"म्हणजे नाटक?"

"नाही."

"मग सारीपाट?"

"नाही, अंकल!"

"अण्णा, कॉफी प्या," वनजाबाई म्हणाल्या. "तू बोल गं."

"आठ-आठ दिवस घालवते मी एकेका प्रसंगावर. कुठं दबा, कुठं दरी, कोण कुठं फितणार, सगळं आधी आखते. आणि गेले तीन महिने माझं काही चालत नाही. पुलावर दबा ठेवला, तर हे ओढ्यातून गेले. भुयार लपवलं, तर पहिल्या फटक्यात सापडलं. रानातली छुपी विहीर? सरळ चालत गेले तिथं, जशी काही घरची!" तिचा आवाज चिरकला. "परवा शेवटचा प्रसंग आहे. फितूर सापडला नाही तर परवापासून हे मेज, हा खेळ बंद. ज्यांच्यासाठी जागले तेच चोर निघाले, तर गोष्ट सांगायची कुणाला?"

"विहिरीवर जाऊन त्यांनी काय केलं?"

"पाणी प्यायले. विष होतं त्यात. अर्धी पलटण मेली."

वनजाबाई पुढं झुकल्या. "आणि आणखी कुठं फसले?"

"एका वाटाड्या म्हातारीवर विश्वास ठेवला. ती शत्रूची हेर होती."

"हं. दुकान बघू या. आणि तिघांना बोलावून घे."

*

दुकान बन्नीमंटपाच्या मागच्या गल्लीत. आत मशीन, खुंटीला मोजपट्ट्या, निळ्या-गुलाबी खडूच्या वड्या आणि मधोमध कापड बेतायचं लांबरुंद टेबल. त्याच टेबलावर रविवारची राज्यं उठायची नि बुडायची.

"गुपितं कुठं ठेवतेस?" वनजाबाईंनी विचारलं.

"या वहीत. वही कुलुपात, किल्ली गळ्यात." तिनं साखळी दाखवली. "गडाचे नकाशे मात्र मोठ्या खाकी कागदावर. बाबा ब्लाउजचा बेत उतरवतात तसे. दोन कागद एकावर एक ठेवायचे, रेघेवरून दातेरी चाक फिरवायचं, की खालच्यावरही टोचून तीच रेघ उमटते. वरचा कागद माझ्याजवळ, खालच्याच्या खोल्या कापून ठेवायच्या. खेळणारे जिथं पोचतील तिथली खोली टेबलावर मांडायची."

"हे दोन्ही कागद कुठं असतात?"

"तेही कुलुपात."

टेबलाच्या टोकाला कोऱ्या खाकी कागदांची जाड चळत होती. चाकानं लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून नकाशा त्या चळतीवरच आखायचा. खेळाच्या दिवशी तिच्यातलाच वरचा कागद टेबलावर अंथरायचा, म्हणजे ज्याला त्याला आपापले आकडे लिहिता येतात. वापरलेले कागदही फेकलेले नव्हते. गुंडाळून मशीनमागं उभे होते. शिंप्याच्या घरात कागद वाया जात नाही.

वनजाबाईंनी गेल्या रविवारचा कागद उलगडला. कोपऱ्याकोपऱ्यात नावं, आकडे, चहाचे गोल डाग. एका कोपऱ्याशी त्यांनी बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि ते पदराला पुसलं.

"हे कुलूप," रणोजीराव वाकून म्हणाले, "साध्या पिनेनं उघडतं. मी सांगतो."

*

पहिला आला श्रीवत्स. हेब्बाळच्या कंपनीच्या बसमधून उतरून तडक, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"माझ्यावरच संशय ना? कॉम्प्युटरवाला! किती वेळा म्हटलं तिला, वही मोबाइलवर घे, पासवर्ड लावून देतो. ऐकते कुठं!"

"पासवर्ड म्हणे," रणोजीराव खाकरले. "म्हणजे आत शिरायची सोय."

"अंकल, मी आत शिरलो असतो तर विहिरीवर पहिला घोट मी घेतला असता का? मेलो तिथंच."

रणोजीरावांनी आशेनं बहिणीकडं पाहिलं. ती हसत होती. त्यांना राग आला.

मग भुवन, दुचाक्यांच्या शोरूममधला. छाती पुढं.

"वाट मी दाखवतो. सेनापती आहे मी. आमच्या रक्तातच आहे ते."

"शाब्बास!" रणोजीरावांच्या तोंडून निघून गेलं.

"पूल टाळायचं प्रथम कोण म्हणालं?" वनजाबाईंनी विचारलं.

"मीच. म्हणजे... रक्षिता काहीतरी पुटपुटली. पण निर्णय माझा." तो हसला. "एरवी तिचं कोण ऐकतं? दोन वर्षांमागं तिच्या सांगण्यावरून उजवीकडं वळलो नि अख्खी पलटण दरीत गेली. तेव्हापासून आमच्यात म्हणच आहे, रक्षिता उजवी म्हणाली की डावी धरा."

शेवटी रक्षिता. ब्लाउजांवर आरीच्या सुईनं भरतकाम करणारी, बारीक अंगाची. बोटांना पट्ट्या.

"काय झालं गं बोटांना?"

"लग्नसराई, मावशी. दिवसभर नक्षीचा कागद टोचायचा, कापडावर ठेवून पांढरी पूड घासायची, मग सुई. सुम्मने, उगीच बसायला वेळ कुठं?"

"तरी रविवारी सगळ्यांआधी येतेस म्हणे."

"कागद अंथरायला. या दोघांना एक घडी सरळ घालता येत नाही."

"आणि खेळात?"

"खेळात मी गप्प असते," ती म्हणाली. पट्टी सुटली नव्हती, तरी तिनं ती पुन्हा गुंडाळली.

*

"श्रीवत्स," बाहेर आल्यावर रणोजीरावांनी जाहीर केलं. "विहिरीवर मुद्दाम मेला. संशय जावा म्हणून."

"अण्णा, चोराला विहीर कुठं आहे हे ठाऊक होतं. विष ठाऊक नव्हतं. का?"

"विसरला असेल."

"आत चला."

टेबलाभोवती सगळे उभे होते. वनजाबाईंनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा आवाज जात्यावर बसल्यासारखा संथ होता.

"पूल, भुयार, विहीर. हे कळलं. विष आणि हेर. हे कळलं नाही. पहिली तिन्ही नकाशात असतात, दब्याचीही खूण असते; दुसरी दोन वहीत. म्हणजे वही कुणी उघडलीच नाही. कुलूप शाबूत, किल्ली शाबूत. फुटले ते नकाशे. तेही फक्त चाकाच्या रेघा."

"पण नकाशेसुद्धा कुलुपात होते!" सुप्रीता म्हणाली.

"दोन कागद होते. चाक काय दोन मोजून थांबतं? तिसऱ्यालाही टोचतं. तो तिसरा चळतीत सगळ्यात वर राहतो आणि रविवारी टेबलावर येतो. सहज बघणाऱ्याला कोरा. पण दिवसभर कागद टोचणाऱ्या बोटांना तो कोरा लागत नाही. थोडी पूड घासली की रेघा उमटतात, पुसली की गेल्या. गेल्या रविवारच्या कागदावर एका कोपऱ्यात भोकांमध्ये पांढरी पूड अडकलीय. या दुकानातले खडू निळे नि गुलाबी. आणि त्या कोपऱ्यात नाव लिहिलंय."

सगळ्यांच्या नजरा रक्षिताच्या पट्ट्यांकडं वळल्या.

"बघा," म्हणत वनजाबाईंनी चळतीतला सगळ्यात वरचा कागद उचलून खिडकीशी धरला. संध्याकाळचं ऊन त्यातून पाझरलं आणि खसखशीएवढ्या उजेडाच्या ठिपक्यांनी अख्खा नीरगड उभा राहिला: बुरूज, पायऱ्या, पागा, आणि मागच्या कड्यातून वर चढणारी चोरवाट.

"अय्यो!" भुवन पुटपुटला.

"बाई!" सुप्रीता किंचाळली. "परवाचा गड होता तो! आता तर सगळ्यांनीच पाहिला!"

वनजाबाईंनी कागद हळूच खाली ठेवला. हे त्यांनी चुकून केलं की जाणून, ते रणोजीरावांना नंतरही कधी कळलं नाही.

"पहिल्यांदा हाताला आपसूक लागलं," रक्षिता खाली बघून म्हणाली. "मग दर वेळी बघत गेले नि भुवनच्या कानाशी पुटपुटत गेले. जिंकायचं नव्हतं गं मला. परत कुणाला दरीत न्यायचं नव्हतं. दोन वर्षं चिडवलंत तुम्ही. हसत होते मी, पण..."

भुवन खडूच्या वड्या उगाच सरळ करू लागला.

"मला सांगायचंस!" सुप्रीताचे डोळे भरले होते, पण राग तसाच होता. "तीन महिने मी वेडी झाले. चाक इतकं दाबून फिरवत होते की मनगट दुखायचं."

"म्हणून तर स्पष्ट होत गेलं," वनजाबाई म्हणाल्या. "जितकी चिडलीस, तितका तिसरा कागद बोलला. आणि एक विचारू? खोल्यासुद्धा आधीच कापून ठेवायच्या, तर खेळणाऱ्यानं आपल्या मनानं चुकायचं कुठं आणि सुचवायचं काय?"

सुप्रीतानं कागदावरच्या गडाकडं पाहिलं, मग दाराकडं. रक्षितानं पिशवी खांद्याला लावली होती.

"कुठं चाललीस?"

"मी नको ना आता."

"तू गेलीस की मेज बंद. दोघांना घेऊन काय खेळू, सापशिडी?" सुप्रीतानं नाक पुसलं. "चूक केलीस. मी चिडलेय. महिनाभर चिडणार आहे. रविवारी चारला ये. वाट तू सांगायचीस, मोठ्यानं. आणि भुवन, तू ऐकायचंस."

"बरं," भुवन म्हणाला.

"पण आता नकाशाच नाही," रक्षिता म्हणाली. "मला कसं कळणार, पुढं काय आहे?"

"मलाही नाही कळणार. या खेपेला आधी काही आखणारच नाही," सुप्रीता म्हणाली. हे वाक्य तिला जड गेलं, ते रणोजीरावांनाही दिसलं.

त्यांनी घसा साफ केला. "चारला म्हणालात ना? नाही, आपलं सहज विचारलं."