दोन बोटांची शाई

कुठे भेटला, कसा भेटला, सारखं विचारता ना? मग ऐका. मी त्याच्या बोटाला शाई लावली. चुकून.

नगरपालिकेचं मतदान होतं, आमच्याच शाळेत. मी तिथे चित्रकला शिकवते, म्हणून ब्रश धरता येतो या एकाच गुणावर मला शाईच्या टेबलावर बसवलेलं. केंद्राध्यक्ष आमच्याच मोठ्या बाई. यादीत नऊशे बारा नावं, आणि चार वाजेपर्यंत आलेली माणसं... एकशे चार. पाऊण तास तर कोणी दाराकडे फिरकलंच नव्हतं. वर पंखाही बंद पडलेला. मी आणि शाईची बाटली, एकमेकींचं तोंड बघत बसलेलो.

आणि दारात तो.

निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट. उजव्या हातात काहीतरी होतं, पण मी हाताकडे बघतच नव्हते. हसू नका गं. तो टेबलाशी आला, डाव्या हाताचं बोट पुढे केलं, "तो..." एवढंच म्हणाला. मी बोट पकडलं आणि नखापासून खाली अशी झोकदार रेघ ओढली ना—

तो बोटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"मी बटणांचा बोर्ड दाखवत होतो," तो म्हणाला. "वायरमन आहे. पंखा बघायला आलोय."

उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"मग बोट कशाला पुढे करायचं?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"पुढच्या वेळी खिशात घालून येईन." तो हसला, पण लगेच चेहरा उतरला. "माझं मत पलीकडच्या वॉर्डात आहे. अजून द्यायचंय. तिथे माझी आत्या उभी आहे."

शाई लागलेल्या माणसाला तिथे कोण मत देऊ देणार? त्यात आई गेल्यापासून या आत्यानेच त्याला वाढवलेलं. गेल्या खेपेला ती पाच मतांनी पडली होती.

"लोक घराबाहेर पडत नाहीत म्हणून महिनाभर दारोदार फिरतेय ती," तो म्हणाला. "आणि आता घरचंच मत..."

मी रुमाल काढून त्याचं बोट घासायला लागले.

"जाणार नाही ती शाई," तो हळूच म्हणाला. "पण घासा. माझी तक्रार नाही."

मी रुमाल टाकला. कान गरम झाले होते माझे.

मोठ्या बाईंनी पलीकडच्या केंद्रावर फोन लावला. लागता लागता पाच वाजले. तिथल्या साहेबांनी सुनावलं, ज्यांनी शाई लावली त्यांनी स्वतः येऊन लिहून द्यायचं. आणि मतदान साडेपाचला बंद. बाईंनी रिकाम्या दाराकडे बघून सुस्कारा सोडला. "जा. तशाही इथे माशाच मारतोय आपण. शाई मी लावते."

स्कूटरवर मागे मी, मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी. अर्ध्या रस्त्यात रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी, आणि तीही मारुतीच्या शेपटीसारखी. मी डबे मोजत होते, तो आरशातून मला बघत होता.

"गाडीकडे बघा," मी म्हटलं.

"गाडी जाईल की. तुम्ही परत कधी बसणार?"

पाच वीसला पोहोचलो. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"भान हरपून लावली, असं लिहा," तो कानाशी पुटपुटला.

"समोर बोट आलं म्हणून लावली, असं लिहितेय."

साहेबांनी तीनदा वाचलं, फोन करून बाईंना विचारलं, आणि पाच सव्वीसला त्याच्या शेजारच्या बोटाला नवी शाई लागली. बाहेर येऊन त्याने दोन्ही बोटं नाचवली. "या गावाला एक बोट रंगवायचा कंटाळा. मी बघा, दोन."

परत येताना पाण्याच्या टाकीला उगाच वळसा घातला त्याने. मीही विचारलं नाही.

शाळेत मोठ्या बाईंची पाचही बोटं जांभळी. "तू गेलीस आणि तेवीस माणसं आली," त्या म्हणाल्या. "तू आधीच का नाही गेलीस?"

आत्या निवडून आल्या. दोन मतांनी. त्यातलं एक कोणाचं, ते सांगायला तो शाळेत आला. मग राहिलेला पंखा दुरुस्त करायला आला. त्यानंतर धडधाकट पंखा आणखी तीनदा बघितला त्याने. शाई नखाबरोबर वर सरकत गेली, आणि आमचं 'तुम्ही'चं 'तू' झालं.

काल आला तेव्हा नखं कापलेली. शाईचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. बराच वेळ शाळेच्या फाटकाशी घुटमळला.

"आत्याने निरोप दिलाय," तो म्हणाला. "दोन मतांचा काय भरवसा, म्हणते. पुढच्या वेळेपर्यंत घरात एक मत वाढव..."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, जिचं मत आहे तिला विचारून सांगतो."

मी त्याचं ते बोट धरलं. या वेळी चुकून नाही.

"सांग त्यांना, सकाळी सातला रांगेत उभी असेन."

"रांग? आपल्या गावात?"

"तू येशील ना शेजारी? मग दोघांची झाली की."