सोफ्याखालच्या पिसवा

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी एका दुपारी आपल्या बोक्याच्या मागावर निघाली आणि एका सोफेवाल्याच्या दुकानात, जुन्या सोफ्याखाली डोकं घालून सापडली.

"काही हरवलंय का?"

तिने मान बाहेर काढली. समोर सोफेवाला उभा होता: हातात हातोडी, केसांत कापूस, आणि डोळे... तिने घाईने बोक्याकडे बोट दाखवलं. "हा माझा आहे."

"असं? मी याला मॅनेजर म्हणतो. रोज येतो, काम काही करत नाही."

ती हसली, आणि मग आपण कशासाठी आलोय ते तिला आठवलं. खाजवून खाजवून बोक्याची पाठ शेपटीपाशी उघडी पडली होती. डॉक्टर म्हणाले होते, "याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे, एक चावली तरी पुरे. घरी नाहीत म्हणता, मग हा दुपारी जातो कुठे ते बघा." आता इतक्या देखण्या माणसाला, तुमच्या सोफ्यात पिसवा आहेत, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

न सांगता तिने पर्समधून बारीक फणी काढली, बोक्याच्या अंगावरून फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर टेकवले. कापूस लालसर झाला.

"हे काय?"

"पिसवांची... शी. त्यात रक्त असतं."

तो कापसाकडे बघतच राहिला. "पहिल्याच भेटीत माझ्याशी इतकं मोकळं कुणी बोललं नव्हतं."

"राग आला ना?"

"आला थोडा. पण माझेही पाय कधीचे खाजताहेत. मी आपला साबण बदलत बसलो."

सोफा त्याच दिवशी निकालात निघाला. बोक्याच्या मानेवर औषधाचे थेंब पडले, दुकान कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून निघालं. ती रोज संध्याकाळी तपासायला येऊ लागली. दोघं पांढरे मोजे घालून दुकानभर चालायची आणि मग वाकून एकमेकांच्या पायांवर पिसू शोधायची. शोधायला जरा जास्तच वेळ लागायचा.

बोक्याच्या पाठीवर लव आली. आणि एका संध्याकाळी मोज्यांवर एकही पिसू निघाली नाही. दोघांचे चेहरे पडले.

"उद्या पुन्हा बघायला हवं," ती म्हणाली. "अंडी असतील..."

"आणि नसली तर?"

तिने मोजे काढले, त्यांची नीट घडी केली, पुन्हा मोडली.

"तर मी उगाचच येईन."

"ये," तो म्हणाला.

'या' नाही, 'ये'. ती घरी पोचेपर्यंत तेवढाच एक शब्द मनात घोळवत राहिली.