एकच पायवाट

मिरजेजवळच्या मेंदू-प्रयोगशाळेत निवृत्त मुख्याध्यापक रत्नाकर भोईटे यांची अंतिम चाचणी झाली. त्यांना गार चहा, करपलेली पोळी आणि ‘भोटे’ असं नाव छापलेलं प्रमाणपत्र देण्यात आलं. तिन्हींवर ते “असू दे” म्हणाले. उत्तीर्ण.

वर्षापूर्वी त्यांच्या रागाला कंटाळून बायको कुसुम माहेरी निघून गेली, तेव्हा ते स्वतःहून इथे दाखल झाले होते. डॉ. उकिडवे बाईंनी समजावलं होतं, की एकच भावना वर्षानुवर्षं घोकली की मेंदूत पायवाट पडते. त्यांचं ‘मार्गलोपक’ यंत्र त्या वाटेवर जणू गवत पेरतं. वाट बुजते, आणि फक्त त्या वाटेनेच जिथे पोचता येतं, तेही बुजतं. शाळेतल्या निम्म्या शिपायांची नावं भोईट्यांना आता आठवत नव्हती.

कुसुम त्यांना न्यायला आली. भोईट्यांनी कप बशीत ठेवला. किणकन आवाज झाला आणि तिचे खांदे कानांपर्यंत गेले.

“मी रागावलो नाहीये,” ते हळूच म्हणाले.

“माहीत आहे हो. खांद्यांना कुठे माहीत आहे.”

उकिडवे बाईंनी तिलाही तपासलं. एकतीस वर्षांच्या भीतीची पायवाट चांगलीच रुंद होती. बुजवता येईल, त्या म्हणाल्या, पण यंत्राच्या पडद्याकडे बघत संमतीचा कागद बाजूला सरकवला. भोईट्यांनी कारण विचारलं.

“सर, तुमच्या मेंदूत यांच्याकडे जाणाऱ्या इतरही वाटा होत्या. यांचं गुणगुणणं, हातची आमटी. यांच्या मेंदूत तुमच्याकडे जाणारी ही एकच आहे.”

भोईट्यांनी पडदा दोनदा तपासला. उत्तरपत्रिकांची सवय. गुण वाढले नाहीत.

कुसुमने एवढंच विचारलं, की नंतर भांडं पडलं तर दचकायला होईल का. नाही, असं उत्तर आलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. परवानगी मागायची तीही सवयच. पूर्वीच्या भोईट्यांनी टेबलावर मूठ आपटली असती. सुधारलेल्या भोईट्यांनी तिला सहीसाठी पेन दिलं.

वर्षाने उपचार संपवून ती घरी जायची होती, त्या दिवशी ते आवारातल्या बाकावर डबा घेऊन बसले. ती समोरून आली. खांदे सैल, ओठांवर कुठलीशी चाल. भोईट्यांच्या हातून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर खणखणत तिच्या पायांशी गेलं.

ती दचकली नाही. तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

“असू दे, दादा,” ती म्हणाली. “घरचं कोणी नाही का सोबत?”