एका दरवाजाचे दोन हुकूम

गप्प राहिली असती तर राजाच्या हुकमांवर लाखेचा शिक्का मारणाऱ्या शिक्केवालीचा फायदाच फायदा होता. डोक्यावर राजवाड्याचं छप्पर, दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन जोडी कपडे, आणि म्हातारपणी, आधीची शिक्केवाली असलेल्या आत्यासारखं, मागच्या अंगणात ऊन खात बसायचा हक्क. बोलली तर वाचणार काय? एक अंगठा. तोही दुसऱ्याचा! एवढ्याशा अंगठ्यासाठी शहाणं माणूस असा सौदा करत नाही. पण त्या अंगठ्यावर शाईचा डाग होता, आणि तो डाग तिला पाठ होता.

सकाळी सकाळी दरबारात ओंडका आणला गेला. दोन नोकरांनी तो पाहुण्याला आसन द्यावं तसा हलक्या हाताने मांडला. त्यावर लेखनिकाचा उजवा हात बांधला. वैद्य कढत तेलाचं भांडं घेऊन बाजूला उभा राहिला. तेल चुरचुरत होतं, आणि सभेत तेवढाच आवाज होता.

लेखनिकाला सगळे बोरू म्हणत. अंगाने तसाच होता... बारीक, सरळ, टोकाला काळा. सहा महिन्यांपूर्वी तो पहिला हुकूम घेऊन तिच्या मेजापाशी आला, तेव्हा तिने कागद घेतला आणि लाख तापवायला लागली.

"अहो, उलटा धरलाय तुम्ही."

"मग तुम्ही उलटे उभे राहा."

आणि खरंच, हा माणूस कमरेत वाकून, मान तिरकी करून तिच्याकडे बघायला लागला. हसू आवरता आवरता तिची लाख मेजावर सांडली.

शिक्का मारणारीला वाचता येता कामा नये, हा तिथला जुना नियम. आत्याने तीस वर्षं पाळलेला. "शिक्क्याला डोळे नसतात, पोरी," असं बजावूनच तिने जागा हवाली केली होती. बोरूने त्या सांडलेल्या गरम लाखेवर काडीने एक अक्षर कोरलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. अक्षर गिरवून झालं की लाख परत वितळवायची. पुरावा नाही, पाटी कोरी. शिक्का दाबून दहा अंक मोजायचे असतात, नाहीतर ठसा फिसकटतो. तेवढा वेळ दोघांची डोकी एका दिव्यावर.

"हल्ली तुमचे दहा फार लांबलेत," तो म्हणाला होता.

"लाख ओली असते," ती म्हणाली होती. नव्हती.

आणि काल घोटाळा झाला. शहराचं सगळं धान्य आणि सगळी फौज उत्तर दरवाजाने येते. किल्ली ज्याची, शहर त्याचं. सकाळी महाराजांनी ती किल्ली आपल्या धाकट्या भावाला द्यायला सांगितलं. जेवून, झोप काढून उठल्यावर तीच किल्ली राणीच्या भावाला. बोरूने दोन्ही हुकूम लिहिले, तिने दोन्हींवर शिक्का मारला. आज उजाडताच दोघं आपापली माणसं घेऊन दरवाजावर भिडले. तलवारी अर्ध्या उपसलेल्या होत्या, तशाच दरबारात आल्या.

शिक्का बसलेला हुकूम महाराजांनाही मागे घेता येत नाही. आणि महाराज चुकत नाहीत. मग चुकला कोण? लिहिणारा, आणि त्याची शिक्षा अंगठा.

"दोनांतला खोटा हुकूम कोणता?" दिवाणांनी विचारलं.

"दोन्ही मीच लिहिले, दिवाणजी."

"सांगितले कोणी?"

बोरूने बांधलेल्या हाताकडे पाहिलं. महाराज विसरले म्हणावं, तर अंगठ्यावर भागणार नाही, मान जाईल.

"मग झालं तर," दिवाण म्हणाले. सुरीवाला पुढे सरकला.

शिक्केवालीने महाराजांकडे पाहिलं. ते शालीचा गोंडा पिळत होते, गर्दीत बापाचा हात सुटलेल्या पोरासारखे. आणि तिला लख्ख कळलं... या सभेत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस ओंडक्यापाशी नाही, सिंहासनावर आहे.

"महाराज..." ती पुढे झाली. "लहान तोंडी मोठा घास घेते. पण आपली युक्ती आपण कधी सांगताय, त्याचीच मी वाट बघतेय."

गोंडा थांबला. "कुठली युक्ती?"

"अख्खं शहर एकाच्या मुठीत द्यायचं नव्हतं, म्हणून आपण दोघांना दिलं. दोन्ही हुकमांत किल्ली सोपवावी एवढंच आहे. दुसऱ्याला देऊ नये, असं एकातही नाही. दरवाजाला आणखी एक कुलूप बसवायचं. एकेकाला एकेक किल्ली. दोघं आले तरच उघडेल."

"म्हणजे रोज पहाटे मी या माणसाचं तोंड बघायचं?" धाकटे सरकार कडाडले.

"माझं निदान बघण्यासारखं तरी आहे," मेहुणे म्हणाले.

कुणीतरी खुदकन हसलं आणि सभेने श्वास सोडला. महाराज ताठ बसले. "आम्ही हेच सांगणार होतो. तुम्हा लोकांनाच भारी घाई! सोडा त्याचा हात."

दिवाण मात्र हसले नाहीत. "शिक्केवाली," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "हुकूम या सभेत अजून कुणी उलगडलेच नाहीत. बघ, दोघांच्या हातात गुंडाळलेले आहेत. कशात काय लिहिलंय आणि काय नाही, हे तुला कसं कळलं?"

स्वतःच्या जिभेने तिने स्वतःला पकडून दिलं होतं.

"वाचता येतं तुला?"

"...येतं."

"शिकवलं कोणी?"

"माझी मीच शिकले."

"खोटं आहे," ओंडक्यापाशी बोरू मनगट चोळत म्हणाला. "मी शिकवलं."

"अहो, गप्प बसा ना! आत्ता कुठे सुटलाय तुम्ही!"

महाराजांनी हात वर केला. "का शिकवलंस रे?"

बोरूने मान खाली घातली. "एक पत्र लिहायचं होतं, महाराज... यांना. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यासारखं नव्हतं."

"मग लिहिलंस?"

"धीर झाला नाही."

सुरीवाल्यानेसुद्धा सुरी मागे लपवली. महाराज दिवाणांकडे वळले. "नियम तो नियम. दुपारच्या आत दोघांनी राजवाडा सोडायचा. यापेक्षा जास्त शिक्षा नाही, दिवाणजी, तोंड उघडू नका." मग त्यांनी तिला जवळ बोलावलं, आणि तिलाच ऐकू जाईल असं विचारलं, "आम्ही खरंच... दोन्ही वेळा सांगितलं होतं?"

"हो, महाराज."

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले, आणि पुन्हा गोंडा पिळायला लागले.

उत्तर दरवाजावर लोहार माप घेत होता. दोघं आपापलं गाठोडं सांभाळत त्याच्या शेजारून बाहेर पडले. पुढे रस्ता होता, आणि रात्री कुठे टेकायचं याचा पत्ता नव्हता.

"काय लिहिणार होतात त्या पत्रात?"

"चारच ओळी."

"मग तोंडी सांगा."

"तोंडी भीती वाटते."

"सुरी समोर होती तेव्हा नाही वाटली?"

"तेव्हा अंगठ्यापुरती होती. आता..." तो थांबला. शाईच्या डागाकडे बघत राहिला. "आता तू नाही म्हणालीस तर सगळंच जाईल."

तू. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"तुम्हीवरून तूवर यायला एवढा तमाशा लागला होय रे?" ती म्हणाली. आणि त्याचा उजवा हात धरला, अंगठ्यासकट.

तर किंमत म्हणून कोणी काय मोजलं? महाराजांची अब्रू राहिली, त्यांनी काहीच मोजलं नाही. राजे मोजत नसतात. धाकटे सरकार आणि मेहुणे यांनी जन्मभराची पहाटेची झोप मोजली. बोरूने नोकरी मोजली. आणि शिक्केवालीने, जिला गप्प राहून सगळं मिळत होतं, तिने होतं नव्हतं ते सगळं एका सकाळीत देऊन टाकलं. सगळ्यात महागात तिलाच पडलं... आणि रस्त्याला लागल्यावर झपाझप पुढे तीच चालली होती.