निळ्या गाडीचं पोट

पांढरी मांजर. तिच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळा, चिकट पट्टा. काल नव्हता.

गाडीचं मागचं डावं दार. टप्प! काय सुरेख लागतं! गाडीत कोणी नसताना.

"वरून चकचकीत दिसतोय म्हणून काय झालं? आतून पोखरलाय!" अंगणापलीकडच्या दवाखान्याच्या खिडकीतून दातांच्या डॉक्टरांचा आवाज. पेशंटची खरडपट्टी चालू.

काका टायरला लाथ मारतात. मग दुसऱ्या टायरला. "गाडी एक नंबर!"

दोन बोटं, दोन्ही काळी. वास डांबराचा.

*

ती बोटं सुईची होती. सुई म्हणजे सुट्टीत मावशीकडे आलेली भाची. अंगाने बारीक, आणि काहीतरी खटकलं की टोचून टोचून विचारणारी, म्हणून सुई. तिच्या मागे सावलीसारखा फिरणारा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट. आणि मावशीचा मुलगा भोंगा, ज्याचं कुजबुजणंसुद्धा तीन घरं पलीकडे ऐकू जायचं.

"ए, मांजरीला कोणी रंगवलं?" भोंगा गरजला.

"मी नाही!" शेपटाने मांजर छातीशी धरली होती. त्याच्या शर्टाची पार वाट लागली होती.

"आई तुला धुणार आहे! शर्टासकट!"

सुईने बोटं पुन्हा हुंगली. मांजर शेपटाच्या हातातून निसटली, अंगण ओलांडून गेली आणि रोजच्या जागी, दुपारच्या झोपेला, सरपटत शिरली. डॉक्टरांच्या निळ्या गाडीखाली.



ही गाडी आज संध्याकाळी मावशीची होणार होती. मावशी इतक्या वर्षांनी गाडी चालवायला शिकली होती. "ती निळीच घे ना गं मावशी!" हे टुमणं सुईनेच लावलं होतं. आणि उद्या पहाटे त्याच गाडीतून डोंगरातली वळणं उतरून सगळे समुद्रावर जाणार होते. सुईने अजून समुद्र पाहिलाच नव्हता.

ती पाठीवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली.

"काय दिसतंय?" भोंगा ओरडला.

"काळं. सगळं काळं आणि नवं कोरं."

"रंगवलं असेल. चांगलंच की!"

"एवढी जुनी गाडी, आणि जिथे कोणी बघत नाही तिथे कशाला रंगवायचं?"

भोंगाही वाकून खाली बघू लागला.

दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक जाड पट्टी जात होती. सुईने ती अंगठ्याने दाबत नेली. टणक. टणक. टणक. आणि मग मागच्या दाराखाली अंगठा आत गेला! चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावरही काळा पट्टा होता. पण कोणी हसलं नाही, कारण तिचा चेहराच तसा झाला होता.

"ताई," शेपटाने हळूच विचारलं, "उद्या समुद्रावर जायचं आहे ना?"

गप्प बसायचं, म्हणजे उद्या समुद्र. बोलायचं, म्हणजे...

"चल, काकांना सांगू," सुई म्हणाली.

*

काकांनी हात झटकला. "टायर बघितले. बॉनेट उघडलं. हॉर्न वाजवला. आणखी काय बघायचं असतं?"

"खालून बघितलं का, काका?"

"खालून? ती काय बादली आहे, गळते का बघायला?" काका स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

*

संध्याकाळी अंगणात मावशी, काका आणि पांढऱ्या कोटातले डॉक्टर. चावी अजून डॉक्टरांच्या हातात.

"मावशी, आधी सगळे बसून बघू या ना!" सुई म्हणाली. "मावतो की नाही ते कळेल."

"हौस बघा पोरांची!" मावशी हसत हसत पुढे बसली. शेजारी काका. मागे तिन्ही पोरं दाटीवाटीने. दारं ओढून घेतली. मागचं डावं काही एका झटक्यात लागेना. भोंग्याने दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठे लागलं.

"छान! आता उतरा," काका म्हणाले.

डावं दार उघडेना.

भोंग्याने खांदा लावला. काकांनी बाहेर येऊन हँडल ओढलं, मग बाहेरून पाय टेकवून ओढलं. दार ढिम्म!

"जरा घट्ट आहे, एवढंच," काका धापा टाकत म्हणाले.

पोरं उजव्या दाराने उतरली, मावशीही उतरली. सुईने डावं दार एका बोटाने उघडलं आणि लावलं. टप्प!

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "आपण बसलो की गाडी वाकते?"

"छे हो!" डॉक्टर गोंधळले. "कालच गॅरेजवाल्याने खालून सगळी करून दिली. म्हणाला, नव्यासारखी दिसेल."

"डॉक्टर," सुईने विचारलं, "दात आतून किडलाय हे तुम्ही कसं ओळखता?"

"सोपं आहे. टोकदार आकडीने टोचायचं. आकडी रुतली, की कीड."

"आणि कोणी न टोचताच वरून मुलामा चढवून दिला तर?"

"तर त्याला माझ्याकडे पाठव! चांगला फैलावर घेतो!" डॉक्टर तावातावाने बोलले. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं, सुईच्या काळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या पेशंटसारखं!

ते आत गेले. येताना आकडी, छोटा गोल आरसा आणि विजेरी घेऊन आले आणि पांढऱ्या कोटासकट गाडीखाली शिरले.

टिक. टिक. टिक. टिक. फस्स!

आकडी मुठीपर्यंत आत गेली होती. तपकिरी पापुद्रे डॉक्टरांच्या मिशीवर पडले. त्यांनी भोक मोठं केलं, आत आरसा घातला, विजेरी मारली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"आत काहीच नाही," खालून आवाज आला. "नुसता गंज आणि वरून डांबर. सगळ्यांचं वजन या पट्टीवर असतं हो! डोंगराच्या वळणावर जर..."

बाहेर आले तेव्हा कोट मांजरीसारखा झाला होता. त्यांनी चावी खिशात टाकली. "ही मी कोणालाच विकणार नाही. आणि चालवणारही नाही. आधी त्या गॅरेजवाल्याला गाठतो. रोज लोकांना झापतो मी, आणि स्वतः मात्र वरचा रंग बघून खूश! पोरी, तुझी नजर पक्की आहे. मोठी झालीस की माझ्याकडे ये शिकायला."

"मी म्हणतच होतो, हिची नजर तेज आहे!" काका म्हणाले.

"तुम्ही टायरला लाथा मारत होतात, अहो!" मावशीने सुनावलं. भोंगा एवढा हसला की खिडक्यांतून लोक डोकावले.

मावशीने पदराने सुईचं कपाळ पुसलं. "शाबास गं माझी बाय! पण तुला ठाऊक होतं ना, बोललीस तर उद्याचा समुद्र बुडणार?"

"हो."

"आणि गाडी तर तूच पसंत केली होतीस."

"अजूनही आवडते," सुई म्हणाली. मग हळूच, "पण डाव्या दाराशी शेपूट बसणार होता."

मावशीने तिला जवळ ओढलं. डांबराचा डाग साडीला लागला, तरी सोडलं नाही.

समुद्रावर न्यायला म्हणून मावशीने काल दुपारीच सगळ्यांचे टॉवेल धुऊन गच्चीवर वाळत घातले होते; ते आता पुन्हा कपाटात जाणार होते.